सोरायसिसच्या नखांत बुरशी : आधी तपासणी, मगच औषध

वेलचेरी (चेन्नई) : पायाच्या अंगठ्याचे नख हळूहळू पिवळे पडते, जाड होते, टोकाकडून उचलले जाते आणि त्याच्याखाली पांढरट भुगा साचू लागतो. सोरायसिस असलेल्या व्यक्तीला हा आपल्या जुन्याच विकाराचा भाग वाटतो. औषधाच्या दुकानात मात्र त्याला ‘बुरशी’ ठरवून मलमाची नळी हाती दिली जाते. दोन्ही तर्क खरे असू शकतात, दोन्ही चुकीचेही असू शकतात आणि कित्येकदा एकाच नखात दोन्ही आजार एकत्र नांदत असतात. नुसत्या नजरेने हा भेद नेहमी ओळखता येत नाही. म्हणूनच सोरायसिसग्रस्त व्यक्तींच्या नखांवर उपचार सुरू करण्यापूर्वी प्रयोगशाळेतील तपासणीला त्वचारोगशास्त्रात महत्त्व दिले जाते.

वरवर हा प्रश्न सौंदर्याचा वाटला, तरी त्याची व्याप्ती तेवढीच नाही. नखांच्या बुरशीवर घ्यावयाची औषधे अनेक आठवडे चालतात, त्यांचा यकृतावर परिणाम होऊ शकतो आणि त्यांपैकी एक प्रमुख औषध काही रुग्णांमध्ये सोरायसिसच चिघळवू शकते. उलटपक्षी, सोरायसिससाठी वापरले जाणारे स्टेरॉइड बुरशीला पोषक ठरते. निदान चुकले, तर एका आजाराचे औषध दुसऱ्या आजाराचे खाद्य होते.

सखल वस्ती, ओले पाय

दक्षिण चेन्नईतील वेलचेरी हा भाग या विषयाचा विचार करताना आवर्जून डोळ्यांसमोर येतो. पळ्ळिकरणै दलदलीच्या काठाशी असलेली ही वस्ती सखल आहे. सुमारे १,२५० हेक्टर क्षेत्राच्या या दलदलीला २०२२ मध्ये ‘रामसर’ दर्जा मिळाला. परंतु त्याआधीच्या काही दशकांत तिचा मोठा भाग भरावाखाली आणि बांधकामांखाली गेला होता. पावसाचे पाणी मुरण्याची आणि वाहून जाण्याची जागा आक्रसली, की ते रस्त्यांवर आणि घरांत येते. डिसेंबर २०१५ चा महापूर आणि डिसेंबर २०२३ मधील ‘मिचाँग’ चक्रीवादळ या दोन्ही वेळी वेलचेरीतील अनेक रस्ते पाण्याखाली गेले होते.

चेन्नईला मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांपासून, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात मिळतो. उरलेले वर्षही समुद्रसान्निध्यामुळे दमटच असते. शेजारच्या तरमणी आणि जुना महाबलीपुरम मार्ग या माहिती तंत्रज्ञानाच्या पट्ट्यात काम करणारे असंख्य जण याच परिसरात राहतात. पाणी तुडवत कार्यालय गाठायचे आणि ओले मोजे, बंद बूट घालून दिवसभर वातानुकूलित दालनात बसायचे, हा पावसाळ्यातील अनेकांचा दिनक्रम. पायाच्या बोटांच्या बेचक्यांतील कातडी अशा वेळी पांढरी पडून सोलवटते. मराठीत ज्यांना ‘चिखल्या’ म्हणतात, त्या या अवस्थेत बुरशी व जिवाणू दोहोंना आयती वाट मिळते. बोटांच्या बेचक्यातील किंवा तळपायावरील बुरशी दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली, तर ती पुढे नखाच्या कडेखाली सरकते.

एकदा पुराचे पाणी तुडवल्याने नखाला बुरशी होते, असा याचा अर्थ नव्हे. नखांचा संसर्ग महिनोन्‌महिने चालणाऱ्या ओलाव्यातून, लहानसहान इजांतून आणि त्वचेवरील जुन्या बुरशीतून मुरत जातो. कोकणातील भातखाचरांत राबणारे शेतकरी, मुंबईच्या पावसात बूट घालून लोकलचा प्रवास करणारे नोकरदार, मासळी बाजारात सतत पाण्यात उभ्या राहणाऱ्या महिला किंवा दिवसभर भांडी घासणाऱ्या घरकामगार यांच्यापुढेही हीच परिस्थिती असते. यांपैकी ज्यांना सोरायसिस आहे, त्यांच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो.

एक रूप, दोन आजार

सोरायसिस हा रोगप्रतिकारशक्तीच्या बिघाडातून उद्भवणारा, दीर्घकाळ राहणारा दाहजन्य विकार आहे. त्यात त्वचेच्या पेशी नेहमीपेक्षा फार वेगाने तयार होतात आणि लालसर चट्ट्यांवर चंदेरी पापुद्रे साचतात. भारतातील प्रौढांमध्ये त्याचे प्रमाण ०.४४ ते २.८ टक्के असल्याचे विविध पाहण्यांच्या आढाव्यांत नमूद आहे. हा आजार स्पर्शाने पसरत नाही. तरीही रुग्णांना दूर ठेवले जाते. या सामाजिक अवहेलनेची दखल घेत जागतिक आरोग्य सभेने २०१४ मध्ये सोरायसिसविषयी स्वतंत्र ठराव संमत केला होता. नखांची बुरशी मात्र संसर्गजन्य आहे. एकाच नखाकडे पाहून ‘लागट’ की ‘लागट नाही’ हे ठरवण्यामागे त्यामुळे सामाजिक बाजूही असते.

सोरायसिसच्या सुमारे निम्म्या रुग्णांच्या नखांवर कोणत्या ना कोणत्या वेळी तपासणीत खुणा दिसतात आणि संपूर्ण आयुष्याचा विचार करता हे प्रमाण ८० ते ९० टक्क्यांपर्यंत जात असल्याचे मानले जाते. या खुणा कोठे उमटतात, हे नखाच्या रचनेवरून समजते. नख जेथून उगवते त्या मुळाशी, त्वचेच्या आत, नख घडवणारा पेशीस्तर असतो. तेथे दाह झाला, की नखाच्या पृष्ठभागावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडतात. नख ज्यावर टेकलेले असते त्या नखतळाला दाह झाला, तर नखातून तेलाच्या थेंबासारखा पिवळसर-तांबूस डाग दिसतो, नख सुटू लागते, त्याखाली जाड भुगा साचतो आणि कधी बारीक लाल-काळ्या रेषा उमटतात.

बुरशी बहुधा नखाच्या मोकळ्या टोकाकडून किंवा कडेकडून आत शिरते आणि नखतळावरील केराटिन या प्रथिनावर वाढते. तिच्यामुळेही नख पिवळे पडते, जाडावते, सुटते आणि त्याखाली भुगा जमतो. म्हणजेच नखतळाचा सोरायसिस आणि नखाची बुरशी यांची बाह्य लक्षणे जवळजवळ सारखीच असतात.

काही संकेत मात्र उपयोगी पडतात. हाताच्या अनेक नखांवर खड्डे आणि तेलाच्या थेंबासारखे डाग असतील, नख सुटलेल्या भागाला लालसर किनार असेल, तर सोरायसिसची शक्यता वाढते. पायाचे एखाददुसरे नख, विशेषतः अंगठ्याचे, बिघडले असेल, सोबत तळपायाची त्वचा कोरडी, पापुद्रे सुटणारी किंवा बेचक्यांत खाज असेल, तर बुरशीचा संशय बळावतो. डर्मोस्कोप या प्रकाशयुक्त भिंगातून पाहिल्यास बुरशीत नख सुटण्याची सीमारेषा दातेरी दिसते आणि तेथून नखाच्या मुळाकडे जाणाऱ्या पिवळसर-पांढऱ्या रेघा आढळतात. सोरायसिसमध्ये ही सीमारेषा तुलनेने सरळ व लालसर असते. परंतु हे संकेतच आहेत, पुरावा नव्हे. दोन्ही आजार एकत्र असतील, तर दोहोंच्या खुणा एकमेकींत मिसळून जातात.

बुरशीला वाट कशी मिळते?

सोरायसिसमधील नखे सामान्य नखांपेक्षा वेगाने वाढतात. त्यामुळे बुरशीला मूळ धरण्यापूर्वीच नख पुढे सरकून कापले जात असावे आणि सोरायसिस एक प्रकारे नखाचे रक्षणच करत असावा, असा एक तर्क पूर्वी मांडला जात असे. प्रत्यक्ष पाहण्यांनी या तर्काला फारसा आधार दिला नाही. १९९७ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजी’मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री अभ्यासात, समान वयाच्या व लिंगाच्या इतर व्यक्तींच्या तुलनेत सोरायसिसग्रस्तांमध्ये नखांना बुरशी होण्याची शक्यता ५६ टक्क्यांनी अधिक आढळली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात सोरायसिसच्या रुग्णांतील हे प्रमाण सरासरी सुमारे १८ टक्के असल्याचे नोंदवले गेले. सर्व अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. रुग्णांचे वय, हवामान आणि तपासणीची पद्धत यांनुसार आकडे बदलतात. तथापि, सोरायसिस असलेल्या नखात बुरशीही असू शकते, ही शक्यता डॉक्टरांनी गृहीत धरावी, यावर बहुतांश एकमत आहे.

यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. निरोगी नख नखतळाला घट्ट चिकटलेले असते आणि त्याच्या टोकाशी एक प्रकारची नैसर्गिक सीलबंद कड असते. सोरायसिसमध्ये ही कड फाटते. नख व नखतळ यांच्यामध्ये पोकळी तयार होते, तीत पाणी, मळ आणि केराटिनचा भुगा साठतो. बुरशीला लागणारे अन्न, ओल आणि अंधार या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र मिळतात.

दुसरे कारण औषधांचे. सोरायसिसवर वापरली जाणारी मेथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरिन यांसारखी औषधे प्रतिकारशक्तीला आवर घालतात. अलीकडच्या जैविक औषधांपैकी काही, उदाहरणार्थ सेक्युकिनुमॅब, ‘इंटरल्यूकिन-१७’ या संदेशवाहक प्रथिनाला रोखतात. सोरायसिसच्या दाहामागे हे प्रथिन असते. परंतु कॅन्डिडा या बुरशीपासून शरीराचे रक्षण करण्यातही त्याचा मोठा वाटा असतो. म्हणूनच अशा औषधांवर असलेल्या काही रुग्णांना तोंडात किंवा त्वचेवर कॅन्डिडाचा संसर्ग होतो. याचा अर्थ ही औषधे टाळावीत असा नाही. ती घेत असताना नखांत नव्याने झालेला बदल ‘सोरायसिसच वाढला’ असे समजून सोडून देऊ नये, एवढाच आहे.

तिसरे कारण इतर आजारांशी निगडित आहे. सोरायसिसच्या रुग्णांत मधुमेह व स्थूलता यांचे प्रमाण अधिक आढळते आणि मधुमेह हा नखांच्या बुरशीचाही जोखीमघटक आहे. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असेल, तर जाड व टोकदार झालेले नख शेजारच्या बोटाला जखम करते आणि ती जखम लक्षातही येत नाही. तेथून जिवाणूसंसर्ग त्वचेखाली पसरू शकतो. तीन आजार एकाच पावलावर एकत्र आले, की ‘नुसते नखच तर आहे’ असे म्हणणे परवडत नाही.

या दोन आजारांचे नाते उलट दिशेनेही चालते. सोरायसिसमध्ये त्वचेला जेथे इजा होते, तेथे नवा चट्टा उमटण्याची प्रवृत्ती असते. एकोणिसाव्या शतकातील जर्मन त्वचारोगतज्ज्ञ हाइनरिख केब्नर यांच्या नावाने ती ओळखली जाते. नखातील बुरशीचा संसर्ग हीदेखील एक प्रकारची सततची इजाच असल्याने त्यामुळे नखाचा सोरायसिस चाळवला जाऊ शकतो, असे अनेक तज्ज्ञ मानतात.

चुकलेल्या उपचाराची किंमत

नखांच्या सर्व विकारांपैकी साधारण निम्मे विकार बुरशीमुळे होतात. याचा दुसरा अर्थ असा, की उरलेल्या निम्म्या विकारांत बुरशी नसते. केवळ दिसण्यावरून बुरशीची गोळी सुरू केली, तर मोठ्या संख्येने रुग्ण गरज नसलेले औषध तीन-तीन महिने घेत राहतात. दुसरीकडे, बुरशी असताना तिला सोरायसिस समजून नखाच्या मुळाशी स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले किंवा तीव्र स्टेरॉइड मलम लावले, तर दाह तात्पुरता कमी होतो. बुरशी मात्र आत पसरत जाते.

भारतात या समस्येला आणखी एक पदर आहे. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांचे एकत्रित मिश्रण असलेली मलमे वर्षानुवर्षे सर्रास विकली गेली. खाज त्वरित थांबत असल्याने गजकर्ण, नायटा, सोरायसिस अशा कशावरही ती लावली जातात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावण्याच्या स्टेरॉइड मलमांना असलेली सवलत काढून घेऊन ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत, अशी तरतूद केली. तरीही घरातील कपाटात उरलेली नळी किंवा शेजाऱ्याने सुचवलेले मलम वापरण्याची सवय सुटलेली नाही. सोरायसिसच्या रुग्णाने असे मिश्रण दीर्घकाळ लावून अचानक थांबवले, तर मूळ आजार अधिक जोमाने उसळण्याचा धोका असतो.

सर्वांत दुर्लक्षित राहणारे नुकसान सांध्यांचे आहे. सोरायसिसच्या काही रुग्णांना सांध्यांचा सोरायसिस होतो आणि अशा रुग्णांपैकी सुमारे ८० टक्के जणांच्या नखांत बदल आढळतात. बोटाच्या शेवटच्या सांध्यावरील स्नायुबंध आणि नखाचे मूळ शरीररचनेत एकमेकांना जोडलेले असल्याने एकाचा दाह दुसऱ्याकडे निर्देश करतो. नखांतील सोरायसिसला बुरशी समजून वर्ष-दोन वर्षे गेली, तर सांध्यांची कायमची हानी टाळण्याची मोलाची संधी हातची जाऊ शकते. सकाळी बोटे आखडणे, एखादे बोट पूर्ण सुजणे किंवा टाचेत दुखणे ही लक्षणे नखांच्या तक्रारीबरोबर असतील, तर ती डॉक्टरांना आवर्जून सांगावीत.

तपासणी कशी होते?

पहिली आणि सोपी चाचणी पोटॅशियम हायड्रॉक्साइडची. नखाखालचा भुगा काचपट्टीवर घेऊन त्यावर हे द्रावण टाकले, की केराटिन विरघळते आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसू शकतात. चाचणी स्वस्त आहे आणि तिचा निष्कर्ष त्याच दिवशी मिळू शकतो. मात्र बुरशी असूनही ती न दिसण्याचे प्रमाण लक्षणीय असते.

दुसरी चाचणी संवर्धनाची. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ रेमों साबुरो यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माध्यमावर नमुना वाढवला जातो. बुरशीची जात कोणती, हे त्यातून कळते. परंतु त्यासाठी चार आठवड्यांपर्यंत थांबावे लागते. तिसऱ्या पद्धतीत कापलेल्या नखाचा तुकडा ऊतितपासणीसाठी पाठवून ‘पीएएस’ या रंजकाने रंगवला जातो. बुरशीच्या पेशीभित्तिका त्यात गडद गुलाबी दिसतात. बुरशी शोधण्यात ही पद्धत पहिल्या दोन्ही पद्धतींपेक्षा अधिक संवेदनक्षम मानली जाते. बुरशीचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर चाचणीही काही प्रयोगशाळांत उपलब्ध आहे.

चाचणीची विश्वासार्हता नमुना कसा घेतला यावर अवलंबून असते. नखाच्या टोकाकडील भुग्यात मृत बुरशी आणि बाहेरची धूळ अधिक असते. जिवंत बुरशी आत, निरोगी नखाच्या सीमेलगत असते. म्हणून सुटलेले नख कापून शक्य तितक्या आतला भुगा घ्यावा लागतो. तपासणीपूर्वी काही आठवडे बुरशीनाशक औषध बंद ठेवावे, नेलपॉलिश काढून टाकावे आणि पाय स्वच्छ धुवावेत, अशी सूचना दिली जाते. आधीच मलम किंवा गोळी घेतलेली असेल, तर चाचणी खोटी ‘नकारात्मक’ येऊ शकते. ही माहिती रुग्णाने लपवू नये.

सोरायसिसच्या बाबतीत निष्कर्षाचा अर्थ लावणेही सोपे नसते. भुसभुशीत झालेल्या नखावर वातावरणातील काही बुरश्या केवळ वस्तीला येतात. त्या रोगाचे कारण असतातच असे नाही. ट्रायकोफायटन रुब्रमसारखी केराटिनभक्षक बुरशी सापडली, तर संसर्ग मानायला फारशी हरकत नसते. परंतु अ‍ॅस्परजिलससारखी बुरशी किंवा कॅन्डिडा एकदाच उगवली, तर नमुना पुन्हा घेऊन खातरजमा करणे योग्य ठरते.

औषधाची निवड

केराटिनभक्षक बुरशीमुळे होणाऱ्या नखांच्या संसर्गावर टर्बिनाफिन हे जगभर प्रथम पसंतीचे औषध आहे. हाताच्या नखांसाठी सहा आणि पायाच्या नखांसाठी बारा आठवडे रोज २५० मिलिग्रॅम, हा त्याचा प्रचलित क्रम. मात्र हे औषध सुरू केल्यानंतर सोरायसिस उफाळल्याची किंवा नव्याने उद्भवल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. असे सर्वांनाच होत नाही. तरीही सोरायसिसच्या रुग्णाला ते द्यायचे झाल्यास लाभ आणि जोखीम तोलली जाते आणि अनेक तज्ज्ञ अशा वेळी इट्राकोनाझोलकडे वळतात.

इट्राकोनाझोल नखातील केराटिनला चिकटून राहते आणि औषध थांबवल्यानंतरही काही महिने तेथे टिकते. त्यामुळे ते महिन्यातून एक आठवडा, दिवसातून दोनदा २०० मिलिग्रॅम, अशा पद्धतीने देता येते. हाताच्या नखांसाठी असे दोन, तर पायाच्या नखांसाठी तीन टप्पे दिले जातात. पण त्याच्याही मर्यादा आहेत. हृदयाची कार्यक्षमता घटलेल्या रुग्णांना ते दिले जात नाही. कोलेस्टेरॉलसाठी घेतल्या जाणाऱ्या सिमव्हास्टॅटिनसारख्या औषधांबरोबर ते घेतल्यास स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. सायक्लोस्पोरिनचे रक्तातील प्रमाण त्यामुळे वाढते आणि मूत्रपिंडांना धोका निर्माण होतो. कॅप्सूल जेवणाबरोबर घ्यावी लागते. आम्लपित्तासाठी रोज गोळी घेणाऱ्यांच्या पोटात तिचे शोषण नीट होत नाही.

मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या रुग्णांत आणखी दक्षता लागते. हे औषध आणि तोंडाने घ्यावयाची बुरशीनाशके या दोहोंचाही भार यकृतावर पडतो. म्हणून उपचारांपूर्वी आणि उपचारांदरम्यान यकृताच्या चाचण्या करून घेणे तसेच मद्यपानापासून दूर राहणे आवश्यक ठरते. संसर्ग नखाच्या थोड्याच भागात असेल किंवा गोळ्या देणे धोक्याचे असेल, तर अ‍ॅमोरोल्फिन वा सायक्लोपिरॉक्स यांसारखी नखावर लावावयाची लॅकर वापरली जातात. ती सुरक्षित असली, तरी अनेक महिने नेमाने लावावी लागतात आणि एकट्याने त्यांचे यश मर्यादित असते. जाड झालेले नख कानशीने झिजवून पातळ केल्यास औषध आत पोहोचण्यास मदत होते.

दोन्ही आजार सिद्ध झाले, तर सामान्यतः आधी बुरशीवर आणि नंतर नखाच्या सोरायसिसवर स्थानिक उपचार केला जातो. सोरायसिससाठी पोटातून चालू असलेले औषध मात्र रुग्णाने स्वतःहून बंद करू नये.

औषधाला न जुमानणारी बुरशी

गेल्या दशकभरात भारतात त्वचेच्या बुरशीसंसर्गाचे स्वरूप बदलले आहे. पूर्वी दोन-तीन आठवड्यांत बरा होणारा नायटा आता महिनोन्‌महिने चिवटपणे टिकून राहतो. भारत व नेपाळमधील रुग्णांपासून मिळालेल्या नमुन्यांवरून जपानी संशोधकांनी २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ या बुरशीचे स्वतंत्र वर्णन केले. तिच्यातील एका जनुकीय बदलामुळे टर्बिनाफिन तिच्यावर अनेकदा निष्प्रभ ठरते. २०२३ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क येथेही तिचे रुग्ण नोंदवले गेले. ही बुरशी प्रामुख्याने जांघा, कंबर व धडावरील त्वचेवर आढळते. परंतु त्वचा आणि नखे यांच्यात बुरशीची ये-जा असल्याने नखांच्या उपचारांतही तिचा विचार करावा लागतो. अर्धवट सोडलेले उपचार आणि स्टेरॉइडमिश्रित मलमांचा बेसुमार वापर यांमुळे अशा चिवट संसर्गांना बळ मिळाले, असे त्वचारोगतज्ज्ञांचे मत आहे.

बुरशी गेली, नख तसेच!

उपचार पूर्ण झाल्यावर रुग्णाची सर्वांत मोठी निराशा येथे होते. हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर, तर पायाचे नख त्याच्या निम्म्याहून कमी वेगाने वाढते. हाताचे नख पूर्ण बदलायला सहा महिने आणि पायाच्या अंगठ्याचे बदलायला बारा ते अठरा महिने लागतात. गोळ्या तीन महिन्यांत संपतात, नख मात्र त्यानंतर वर्षभर जुनेच दिसते. ‘औषध लागू पडले नाही’ असे समजून अनेक जण याच टप्प्यावर डॉक्टर बदलतात आणि पुन्हा पहिल्यापासून गोळ्या घेतात.

सोरायसिसच्या रुग्णात बुरशी पूर्णपणे नष्ट झाली, तरी नख निर्दोष होईलच असे नाही. कारण खाली सोरायसिस शिल्लक असतो. म्हणून यशाचे मोजमाप नखाच्या रूपावरून नव्हे, तर पुन्हा केलेल्या चाचणीत बुरशी आढळते का, यावरून करावे लागते. चाचणीत बुरशी नसेल आणि नख तरीही बिघडलेले असेल, तर सोरायसिसच्या उपचारांकडे वळावे. आणखी बुरशीनाशक घेण्याने काही साधत नाही.

रोजची काळजी

पावसातून किंवा साचलेल्या पाण्यातून आल्यावर पाय साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करावेत. ओले बूट दुसऱ्या दिवशी तसेच घालू नयेत. दोन जोड आलटून पालटून वापरावेत. सुती मोजे रोज बदलावेत आणि शक्य असेल तेथे मोकळी पादत्राणे घालावीत. चिखल्या किंवा तळपायाची बुरशी असेल, तर तिच्यावर वेळीच उपचार करावेत; अन्यथा बरे झालेले नख पुन्हा बाधित होते. घरातील इतर कोणाला गजकर्ण किंवा नायटा असल्यास त्यांचेही उपचार एकाच वेळी व्हावेत.

नखे आखूड आणि सरळ कापावीत. नेलकटर प्रत्येकाचे वेगळे असावे. सोरायसिसच्या रुग्णाने नखाखालचा भुगा काडीने, पिनेने किंवा कानशीच्या टोकाने कोरू नये आणि नखाच्या मुळाशी असलेली नाजूक कातडी कापू नये. स्वच्छतेच्या हेतूने केलेली ही इजा सोरायसिसला निमंत्रण देते. ब्यूटी पार्लरमध्ये पायांची निगा करून घ्यायची असल्यास स्वतःची साधने न्यावीत. लिंबू, व्हिनेगर यांसारखे आम्लधर्मी घरगुती उपाय नाजूक नखतळाची जळजळ वाढवू शकतात. भांडी घासताना किंवा कपडे धुताना रबरी हातमोज्यांच्या आत सुती हातमोजे घातल्यास हात कोरडे राहतात.

नखाभोवती लाली, ठणका, पू किंवा ताप येणे, मधुमेही रुग्णाच्या पायावर जखम दिसणे, गोळ्या सुरू असताना भूक मंदावणे, लघवी गडद होणे वा डोळे पिवळे दिसणे आणि सोरायसिसचे चट्टे अचानक पसरणे ही लक्षणे दिसताच विलंब न करता डॉक्टरांकडे जावे. एखाद्या नखावर काळा पट्टा उमटून रुंद होत असेल, तर तो बुरशी किंवा सोरायसिस समजून सोडून देऊ नये. क्वचित प्रसंगी ती त्वचेच्या कर्करोगाची खूण असू शकते.

त्वचारोग विभाग असलेल्या बहुतांश सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत पोटॅशियम हायड्रॉक्साइडची चाचणी होते. भुग्याच्या चिमूटभर नमुन्यावर काही महिन्यांचे औषध, यकृताची सुरक्षितता आणि कधी सांध्यांचे भवितव्य अवलंबून असते. नखांत बदल दिसल्यावर ‘कोणते मलम लावू?’ असे विचारण्यापूर्वी ‘आधी तपासणी करता येईल का?’ असे डॉक्टरांना विचारणे, हे सोरायसिसच्या रुग्णासाठी अधिक हिताचे आहे.